म्हैस, साडेअकरा चौरस फूट

ज्या पर्सवर ‘अस्सल लेदर’ असा सोनेरी शिक्का असतो, ती दुसऱ्या पावसाळ्यात कात टाकते, हा अनुभव मला एकटीलाच आला असेल असं नाही. माझ्या पर्सने फक्त मुहूर्त चुकीचा निवडला. पुतणीचं लग्न, आणि त्यातही पंगत. मांडीवर काळे पापुद्रे, पैठणीच्या काठावर काळे पापुद्रे, आणि एक उडून शेजारच्या विहीणबाईंच्या आमटीत. त्यांनी तो आमसूल समजून नीट चोखला आणि पानाच्या कडेला ठेवला. मी जिलबीवरची नजर हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी पर्स घेऊन दुकानात गेले.

“हे अस्सल लेदर?”

“अस्सलच आहे, मॅडम.”

“मग साल कसं निघालं?”

“हवा. डोंबिवलीची हवाच तशी आहे.”

हवेचा विषय काढला की डोंबिवलीकर गप्प बसतो. २०१४ साली आमच्याकडे हिरवा पाऊस पडून गेलाय, आम्ही कुठल्या तोंडाने बोलणार? पण घरी येऊन शोध घेतला तेव्हा कळलं की या मालात कातडं असतं, नाही असं नाही. कारखान्यातल्या कातरणाचा चुरा करायचा, गोंदात कालवायचा, कापडावर थापायचा आणि वरून प्लॅस्टिकचा पातळ थर द्यायचा. हॉटेलातल्या काजूकरीत काजू असतो, तितपत अस्सल.

त्याच रात्री मी जाहीर केलं, की यापुढे माझी पर्स मीच शिवणार.

व्हीआरएस घेतलेल्या बाईने काय करावं हे समाजाने ठरवून ठेवलेलं आहे. भजनी मंडळ, वारली पेंटिंग, क्रोशाचे रुमाल, नाहीतर लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीत सहा महिने. कातडं या यादीत बसत नाही. सासूबाईंनी तर ताटावरून हात आखडला.

“देवघराच्या भिंतीला लागून कातडं?”

“आई, यांचा तबला देवघराच्या खालीच असतो. त्याची पुडी बकऱ्याच्या कातड्याची, वाद्या म्हशीच्या.”

“तो वाजतो,” आई म्हणाल्या. हे मत आमच्या इमारतीत फक्त त्यांचंच आहे.

खरं म्हणजे आई कोल्हापूरच्या. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आमच्या घरात प्राडाचा जेवढा उद्धार झाला तेवढा इटलीतही झाला नसेल. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय मिळालाय, हे त्यांनी दूधवाल्याला, केबलवाल्याला आणि राँग नंबर लागलेल्या एका माणसालाही ऐकवलं होतं. मी तोच धागा पकडला. “आई, तुमच्या कोल्हापुरीचं कातडं झाडाच्या सालीत कमावतात, आणि वरची वेणी बऱ्याचदा बायकाच घालतात.” आई थोड्या विरघळल्या. “गाईचं नाही ना आणणार?” एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं आणि धारावीची वाट धरली.

‘अडीच मीटर द्या’ म्हणायची सवय असलेल्या बाईला तिथे पहिला धक्का बसतो तो असा, की कातडं ताग्यावर येत नाही. ते जनावराच्याच आकारात येतं. मान, पोट, पाय जिथल्या तिथे. विकतात चौरस फुटावर, आणि किती फूट भरलं तो आकडा मागच्या बाजूला लिहिलेला असतो.

“मोटाई कितनी?” दुकानदाराने विचारलं.

“मीडियम.”

“मीडियम क्या होता है? एमएम में बोलो. एक, डेढ, दो, तीन?”

मी दोन बोटांची चिमूट करून दाखवली. त्यांनी ती मोठ्या मनाने मान्य केली.

“क्रोम या वेज?”

“वेज,” मी ताबडतोब म्हटलं. आम्ही शाकाहारी आहोत.

नशिबाने उत्तर बरोबर निघालं. क्रोम म्हणजे क्रोमियमच्या क्षारात कमावलेलं. ते काम झटपट होतं, म्हणून जगातलं बहुतेक कातडं आज त्याच पद्धतीचं. वेज म्हणजे बाभळीची साल, हिरडा असल्या गोष्टींच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे मुरवलेलं. ते ताठ असतं, त्यावर ठसा उठतो, आणि त्याची कापलेली कड ओली करून घासली की चकाकते. हे सगळं त्यांनी मला कातड्यावरून हात फिरवत सांगितलं. पाठीचं घट्ट असतं, पोटाचं ढिलं पडतं, पट्टा कधी पोटातून कापू नका, हेही सांगितलं. पोट ढिलं पडतं हे मला सांगायची गरज नव्हती, पण ऐकून घेतलं. मागच्या बाजूला आकडा होता साडेअकरा.

“घडी मत करना. घडीचा निशाण जात नाही,” असं हिंदी-मराठी मिसळून बजावत त्यांनी गुंडाळी बांधून दिली.

शीवला गाडीत चढले. ओल्या सालीचा, मातीचा आणि किंचित गोठ्याचा असा एक वास महिलांच्या डब्यात हळूहळू पसरला. शेजारच्या बाईंनी गुंडाळीकडे पाहिलं.

“सतरंजी का हो?”

“म्हैस.”

त्यांनी घाटकोपरला उतरायचं असल्यासारखं केलं आणि दाराशी जाऊन कल्याणपर्यंतच्या गप्पा मारत उभ्या राहिल्या. संध्याकाळच्या गर्दीत शीव ते डोंबिवली पाय पसरून बसून आलेली बाई माझ्याआधी कोणी झाली असेल असं वाटत नाही.

सुरुवात पाकिटापासून करावी, असं या विषयातले सगळे जाणकार सांगतात. एका अमेरिकन कारागिराचा पॅटर्न पैसे भरून उतरवून घेतला. डॉलरची नोट १५६ मिलिमीटर लांब आणि ६६ रुंद, आपली पाचशेची नवी नोट १५० बाय ६६. रुपया डॉलरच्या जागेत ऐसपैस मावतो असा प्रसंग हा एकच. मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या मुलाकडून पॅटर्न छापून घेतला. अमेरिकेतला कागद आपल्या ए-फोरपेक्षा रुंद असतो. त्यामुळे चित्र कडेला कापलं जात होतं. मुलगा हुशार. त्याने मला न विचारता ‘फिट टू पेज’ केलं. “काकू, बघा, एकदम छान बसवलं!”

छानच बसवलं होतं. फक्त सगळं थोडंथोडं आकसलं होतं. बँकेचं कार्ड जगात कुठेही ८५.६ मिलिमीटर लांब असतं, आणि माझा कप्पा झाला ८४ चा. नवऱ्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, “अगं, कातडं ताणतं.” त्याने अंगठ्याने रेटून कार्ड आत बसवलं. कातडं ताणलं, कार्ड आत गेलं, आणि कातडं पुन्हा आपल्या जागेवर आलं. त्यानंतर ते कार्ड कोणी पाहिलेलं नाही. पेट्रोलपंपावर नवरा पाकीटच पुढे करतो. तिथल्या मुलाने पहिल्यांदा बिचकत पाकिटालाच मशीन टेकवलं आणि ‘टिंग’ वाजून पैसे गेले. आता तो लांबूनच “आले पाकीटवाले” म्हणतो.

मग शिवण. घरात माझ्या आईची काळी पायमशीन आहे, सोनेरी वेलबुट्टीची. तिच्यावर गोधडीपासून जीन्सपर्यंत सगळं शिवून झालंय, त्यामुळे म्हशीचं तिला काय वाटणार, अशी माझी समजूत. कातड्याला मशीनचा पाय चिकटला. खालच्या दातांनी मागच्या बाजूला दातांची रांग उमटवली. सुई मोडली, दुसरी मोडली, तिसरीने उडून भिंतीवरच्या कालनिर्णयात चतुर्थीवर जागा धरली. शिवाय कापडाची शिवण बिघडली की उसवता येते, इस्त्री फिरवली की कोणाला पत्ता लागत नाही. कातड्यात सुई गेली की भोक कायमचं. मी शिवण उसवून शेजारून घातली, ती उसवून आणखी शेजारून घातली, आणि भोकांची अशी दाटी झाली की पट्टा तिथून आपण होऊन सुटा झाला.

मशीन दुरुस्त करणारा आला. त्याने मशीन पाहिली, कातडं पाहिलं, मग भिंतीवरचा आईचा फोटो पाहिला.

“काकू, मशीन यांची?”

“हो.”

“मग यांच्यासाठी तरी नको.”

कातड्याला वेगळी मशीन लागते, तिचा वरचा पायही मालाबरोबर पावलं टाकत पुढे सरकतो, असं त्याने समजावलं. तिची किंमतही सांगितली. ती ऐकल्यावर मी त्याला दुसरा चहा विचारला नाही.

शिलाई मशीनचा इतिहास वाचला तर त्यात शिवण कमी आणि विक्री जास्त आहे. एलियस हौने १८४६ मध्ये पेटंट घेतलं, पण नाव झालं ते १८५१ मध्ये पेटंट घेणाऱ्या आयझॅक सिंगरचं. सिंगर नाटकात काम करणारा माणूस, त्यामुळे विकायचं कसं हे त्याला उपजतच ठाऊक असावं. १८५६ मध्ये त्याच्या कंपनीने मशीन हप्त्याने द्यायला सुरुवात केली. न वापरलेल्या यंत्राचे हप्ते भरायची जी थोर परंपरा आज घरोघरी ट्रेडमिलच्या रूपाने चालू आहे, तिचं मूळ इथे आहे. मीही तिला हातभार लावला. चपला शिवायची एक हातमशीन ऑनलाइन मागवली. ओतीव लोखंड, वर मोठं चाक, सगळीकडे काळं वंगण, आणि सोबत एक पत्रक ज्यात बाण होते पण अक्षर नव्हतं. नवऱ्याने चाक फिरवून पाहिलं. “आलं-लिंबू घालून निघेल का?” विचारलं. सध्या ती मशीन बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलेली असते, आणि त्या कामात तिच्याबद्दल एक तक्रार नाही.

राहता राहिले हात. हाताच्या शिवणीत दोरा एक आणि सुया दोन, दोरा शिवणीच्या जवळजवळ चौपट लांब. आधी कंपासने कडेपासून एक रेघ ओढायची. मग दात असलेली छिन्नी त्या रेघेवर धरून ठोकायची, म्हणजे सारख्या अंतरावर तिरक्या चिरा पडतात. काम लाकडी चिमट्यात अडकवून चिमटा गुडघ्यांत धरायचा. डावीकडची सुई उजवीकडे, उजवीकडची त्याच भोकातून डावीकडे, आणि मग दोन्ही हात फाकवून दोरा ओढायचा. दोरा लांब असला की हातही तेवढेच लांब जातात. पहिल्या आठवड्यात माझ्या उजव्या हाताने फुलदाणी आणि डाव्या हाताने नवऱ्याचा चष्मा घेतला. पण टाका काय बसतो! दोन्हीकडून सारखा, किंचित तिरका. मशीनच्या शिवणीत वरचा दोरा आणि खालचा दोरा एकमेकांत नुसते अडकलेले असतात, एक तुटला की शिवण ओघळायला लागते. इथे एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात.

हे वाक्य मी आजवर इतक्या जणांना ऐकवलंय की मुलगी फोन उचलताच म्हणते, “हो आई, शेजारचे धरून राहतात. पुढे बोल.” लोकांच्या घरी गेले की त्यांच्या पर्सा उलट्या करून टाके बघायची खोड लागली आहे. एका दहाव्याला गुरुजी मंत्र म्हणत होते आणि मी त्यांच्या पिशवीचे टाके मोजत होते. इंचाला पाच. सैल होते.

ठोकण्याचं काम मी आईंच्या पाट्यावर करते. मिक्सर आल्यापासून तो पडूनच होता. दुपारी पाटा मांडला की खालच्या मजल्यावरचे काका वर येतात. पहिल्यांदा आले तेव्हा फार चिडले होते. मी त्यांना बसवलं, चहा दिला, किल्लीची एक साखळी दिली. पुढच्या वेळी चष्म्याचं घर दिलं. मग सोसायटीची नोटीस लागली, ‘चौथ्या मजल्यावरील सदनिकाधारकांनी घरगुती स्वरूपाची ठोकाठोक दुपारी २ ते ४ बंद ठेवावी.’ मी बंद ठेवली. काका साडेचारला आले. “आज आवाज कमी आहे,” म्हणाले, आणि टेबलावरच्या पासबुकाच्या कव्हरकडे बघत बसले.

कडा घासायला एक खळ लागते. परदेशी पुस्तकात तिचं नाव बघून मी बाटली शोधली, तर बोटभर बाटलीचे सातशे रुपये. नंतर कळलं की तो एक झाडाचा डिंक आहे, आणि आपल्या वाण्याकडचा कतीरा त्याचाच भाऊबंद. पन्नास ग्रॅम आणला, रात्री वाडग्यात भिजत घातला, फ्रीजमध्ये ठेवला. सकाळी वाडगा धुऊन पालथा ठेवलेला.

“सरबतात घालून प्यायले,” आई म्हणाल्या. “उन्हाळ्यात बरा असतो. पण साखर विसरलीस.”

पट्ट्यांची गोष्ट वेगळीच. पट्ट्याचं माप बकलापासून मधल्या भोकापर्यंत धरतात. दिराचा वाढदिवस होता. फोन करून कंबर विचारली. “छत्तीस,” ते छातीठोकपणे म्हणाले. कंबर छातीठोकपणे सांगावी लागते, इथेच मला शंका यायला हवी होती. मोजून, कापून, घासून पट्टा नेला. तो समोर भेटलाच नाही. दोन्ही टोकांत वीतभर अंतर राहिलं, आणि सगळे जण पट्ट्याकडे बघायला लागले. “तुझा पट्टा आखूड झालाय, वहिनी.” मी मापपट्टी काढली. जाऊबाईंनी माझा हात धरला. नंतर मी चार-पाच पुरुषांचं माप घेतलं आणि एक गोष्ट ध्यानात आली, की पुरुष कंबर सांगताना लग्नातल्या सुटाचं माप सांगतात. आता मी कोणाला विचारत नाही. जुना पट्टा मागते आणि सर्वांत झिजलेल्या भोकापासून मोजते. जुना पट्टा खोटं बोलत नाही.

पहिली मनासारखी पर्स झाली तेव्हा ती घेऊन स्टेशनच्या पुलाखाली बसणाऱ्या दादांकडे गेले. माझ्या चपला वर्षानुवर्षं तेच शिवतात. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला, पट्टा खेचून पाहिला, शिवण डोळ्यांजवळ नेली.

“हाताने?”

“हाताने.”

“टाके सरळ आहेत.”

बँकेत बढती मिळाली तेव्हासुद्धा मला एवढं भरून आलं नव्हतं. बोलता बोलता त्यांनी एक तळ शिवायला घेतला. त्यांच्या आरीच्या टोकाला खाच असते. आरी आत जाते, खाचेत दोरा पकडते आणि वर येते. ना चिमटा, ना कंपास, ना दोन सुया. ‘कर्जत लोकल दहा मिनिटं उशिराने’ ही घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजीत पूर्ण होईपर्यंत अर्धा तळ झाला.

“विकता का?” त्यांनी विचारलं.

“मैत्रिणी घेतात.”

“कितीला?”

“अडीच हजार.”

त्यांनी हात थांबवला. “घेतात?”

“हँडमेड असतं ना.”

तेवढ्यात एक बाई चप्पल घेऊन आली. “तीस? मागच्या वेळी वीस घेतले होते. चार तर टाके घालायचे!” दादा काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही, कारण ती माझी मैत्रीण होती आणि तिच्या खांद्यावर माझी पर्स होती. महिन्याभराने पुलाखालून गेले तर दादांच्या पेटीवर पुठ्ठा लटकत होता, ‘हॅन्डमेड रिपेरिंग’. दर चाळीस. कोणी घासाघीस करत नव्हतं.

जुलैमध्ये कपाटातल्या सगळ्या मालावर हिरवी बुरशी आली. वेज कातड्याला आमची हवा मानवते. तुरटीच्या पाण्यापासून व्हिनेगरपर्यंत सगळे सल्ले मिळाले. मी कोरड्या फडक्याने पुसलं, पंख्याखाली वाळवलं, आणि दुकानदाराने डोंबिवलीच्या हवेबद्दल सांगितलं त्यात तथ्य होतं, हे घरात कोणाला कळू दिलं नाही.

सध्या तयार माल आहे तो असा: चष्म्याची घरं भरपूर, किल्लीच्या साखळ्या त्याहून भरपूर, छत्तीस इंची एक पट्टा, अजिबात न वापरलेला. ज्यांना हवं असेल त्यांनी दुपारी चारनंतर यावं आणि घेऊन जावं. पैसे नकोत. काकांच्या आधी आलात तर निवडही मिळेल. फक्त ‘हे टाके कसे घातले हो?’ असं विचारू नका. आणि विचारायचंच असेल, तर रात्रीचं जेवण आमच्याकडे आहे असं घरी सांगून या.